विश्लेषण : ‘मशीन पकडत नाही’ म्हणजे नेमके काय?

सेतू केंद्राच्या खिडकीवर दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक ‘सर्व्हर डाऊन आहे’ आणि दुसरे ‘मशीन पकडत नाही’. पहिल्याचा दोष मुंबई-दिल्लीकडे ढकलता येतो. दुसऱ्याचा दोष मात्र टेबलावरच्या छोट्याशा थंब मशीनवर, नाहीतर थेट माणसाच्या अंगठ्यावर टाकला जातो. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव अशा ठिकाणी केंद्रावर आलेल्या शेतकऱ्यासाठी किंवा मजुरासाठी या वाक्याचा अर्थ एकच असतो. आजचा रोज बुडाला, उद्या परत या.

अंगठा झिजलेला असू शकतो, वायर तुटलेली असू शकते, पोर्ट खराब असू शकतो, हे सगळे खरे आहे. पण अनेकदा यंत्र धडधाकट असते, वायर ठीक असते आणि तरीही संगणक त्याला ओळख देत नाही. कारण त्या यंत्राशी बोलणारा ड्रायव्हर संगणकाच्या कर्नेलमध्ये घातलेलाच नसतो, कोणीतरी तो बंद केलेला असतो, किंवा कंपनीने तो सांभाळणे सोडून दिलेले असते. हा यंत्राचा बिघाड नव्हे, हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. आणि निर्णय म्हटला की तो कोणी घेतला, कोणाच्या पैशाने घेतला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. म्हणूनच हा वरवर तांत्रिक वाटणारा विषय तालुक्याच्या पातळीवर समजून घेतला पाहिजे.

कर्नेल म्हणजे काय?

संगणक असो की मोबाइल, त्यातील ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वात आतला भाग म्हणजे कर्नेल. स्क्रीनवर दिसणारी अ‍ॅप थेट यंत्रसामग्रीला हात लावत नाहीत. मेमरी कोणाला किती, प्रोसेसर कोणाला केव्हा, कोणत्या पोर्टवरून काय आत येणार, हे सगळे कर्नेल ठरवते. विंडोजचे कर्नेल कंपनीच्या ताब्यात आहे, त्यात काय असावे हे आपण ठरवू शकत नाही. लिनक्सचे कर्नेल खुले आहे. त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचू शकतो, हवा तो भाग ठेवू शकतो, नको तो काढू शकतो. या निवडीलाच ‘कर्नेल कॉन्फिगर करणे’ म्हणतात.

संत्र्याच्या पट्ट्यातील वाचकाला हे समजायला अवघड नाही. नागपुरी संत्र्याचे रोप बियांपासून सरळ वाढवत नाहीत. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम तयार करतात. खुंट जमिनीतून पाणी ओढतो, डोळा फळ देतो. कर्नेल हा खुंट मानला, तर ड्रायव्हर हा त्यावर भरलेला डोळा. खुंट कितीही जोमदार असो, डोळा भरलाच नसेल तर संत्री लागणार नाहीत. आणि एका खुंटाला चालणारा डोळा दुसऱ्याला चालेलच असे नाही, हे शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेत काम करणारा कोणीही सांगेल. लिनक्समध्येही एका कर्नेल आवृत्तीसाठी तयार केलेले मॉड्यूल साधारणपणे दुसऱ्या आवृत्तीत चढत नाही.

वायर जोडल्यावर आत काय घडते?

यूएसबीचा पहिला मानक मसुदा १९९६ मध्ये आला. त्याआधी माउसला एक पोर्ट, प्रिंटरला दुसरा, मोडेमला तिसरा अशी तऱ्हा होती. ही कटकट संपवणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांत अजय भट्ट हे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. एकच पोर्ट, कोणतेही उपकरण, हे यूएसबीचे वचन. पण वचन पाळायचे तर पोर्टच्या आत ओळखपरेड व्हावी लागते.

उपकरण जोडले की संगणक त्याला एक तात्पुरता क्रमांक देतो आणि विचारतो, तू कोण? उपकरण दोन आकडे सांगते. पहिला आकडा उत्पादक कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. शिवाय ते आपला वर्गही सांगते. कीबोर्ड आणि माउसचा वर्ग ३, प्रिंटरचा ७, पेनड्राइव्हसारख्या साठवणुकीचा ८, कॅमेऱ्याचा १४. आणि २५५ म्हणजे ‘माझा वर्ग कोणताच नाही, माझ्या कंपनीलाच विचारा’.

गोम इथेच आहे. ३, ७, ८, १४ या वर्गांसाठी सर्वांना ठाऊक असलेली सामाईक भाषा आहे. म्हणून कोणत्याही कंपनीचा पेनड्राइव्ह कुठेही चालतो. २५५ वर्गाच्या उपकरणाला मात्र त्याचाच खास ड्रायव्हर लागतो. बोटांचे ठसे घेणारी अनेक यंत्रे आणि वजनकाट्याची तार यूएसबीला जोडणारे बरेच कन्व्हर्टर याच कुळातले. कर्नेलकडे यादी असते, अमुक कंपनीचा अमुक आकडा आला तर अमुक ड्रायव्हर उठवायचा. यादीत नाव नसेल तर उपकरणाला वीज मिळते, त्याचा लाल-हिरवा दिवाही लागतो, पण काम होत नाही. दिवा लागला म्हणजे यंत्र चालू आहे, हा आपला सर्वात मोठा गैरसमज.

‘वाय’, ‘एम’ आणि ‘एन’ : तीन अक्षरांचा निर्णय

लिनक्स कर्नेल तयार करताना हजारो प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. बहुतेक ड्रायव्हरसाठी उत्तर तीनपैकी एक असते. ‘वाय’ म्हणजे ड्रायव्हर कर्नेलच्या पोटातच कायमचा. ‘एम’ म्हणजे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवलेला, गरज पडली की आत घ्यायचा. ‘एन’ म्हणजे नकोच. ही सगळी उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जमा होतात. ‘मेनूकॉन्फिग’ नावाची मेनूवजा पाटी उघडून ती भरता येते.

यूएसबीच्या बाबतीत हे निर्णय तीन थरांत होतात. सर्वात खाली होस्ट कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्डवरील यूएसबीची चिप चालवणारा भाग. जुन्या यूएसबी १.१ साठी ‘ओएचसीआय’ किंवा ‘यूएचसीआय’, २.० साठी ‘ईएचसीआय’ आणि ३.० पासून ‘एक्सएचसीआय’. यूएसबी ३.० ला पाठिंबा देणारा ‘एक्सएचसीआय’ ड्रायव्हर सेज शार्प यांनी लिहिला आणि तो २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीत आला. आजच्या संगणकांत हा एक पर्याय ‘एन’ राहिला, तर बहुतेक वेळा सगळेच यूएसबी पोर्ट मुके होतात, कारण नव्या चिपमध्ये जुन्या गतीची उपकरणेही तोच सांभाळतो. मधला थर यूएसबीच्या मूळ व्यवस्थेचा. आणि वरचा थर वेगवेगळ्या उपकरणांचा : साठवणूक, कीबोर्ड-माउस, प्रिंटर, कॅमेरा, सीरियल कन्व्हर्टर.

कोणता ड्रायव्हर ‘वाय’ असावा आणि कोणता ‘एम’, याचा ढोबळ नियम सोपा आहे. संगणक सुरू होण्यासाठीच जे लागते ते ‘वाय’, किंवा सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या फाइलव्यवस्थेत, जिला ‘इनिट-रॅम-एफएस’ म्हणतात, तिथे हजर असले पाहिजे. बाकी सगळे ‘एम’. उदाहरणार्थ, एखाद्या केंद्रावर यूएसबी डिस्कवरूनच सिस्टीम सुरू होत असेल, तर साठवणुकीचा ड्रायव्हर डिस्कवर मॉड्यूल म्हणून ठेवून भागत नाही. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर डिस्कवर! किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवण्यातला हा प्रकार. डिस्कला पासवर्ड असेल तर कीबोर्डच्या ड्रायव्हरचेही तेच. पासवर्ड टाकायचा आहे आणि कीबोर्ड अजून जागाच झालेला नाही.

चूक कुठे होते?

उबुंटू, डेबियन किंवा आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ यांसारख्या तयार लिनक्स वितरणांत जवळपास सगळे यूएसबी ड्रायव्हर ‘एम’ करून दिलेले असतात. त्यामुळे साध्या संगणकावर कर्नेलला हात लावायची वेळ सहसा येत नाही. मग प्रश्न उरतो कुठे? जिथे कोणीतरी कर्नेल ‘हलके’ करायला जाते तिथे. किऑस्क, रेशन दुकानातील ई-पॉससारखी यंत्रे, छोट्या बोर्डावर चालणारी हजेरीची यंत्रे, यांत जागा कमी म्हणून पुरवठादार कर्नेल छाटतात. छाटणी करताना त्या दिवशी टेबलावर जे होते तेवढेच शिल्लक राहते.

याचे नेमके उदाहरण म्हणजे ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय. ती या क्षणी चढलेली मॉड्यूल पाहते आणि बाकीची सगळी यादीतून काढून टाकते. कर्नेल झटपट तयार होते, आकारही कमी होतो. पण त्या क्षणी थंब मशीन जोडलेले नसेल, प्रिंटर बंद असेल, वजनकाट्याची तार कपाटात असेल, तर त्यांचे ड्रायव्हर गेले म्हणून समजा. सोय वाईट नाही. ती वापरण्याआधी प्रत्येक उपकरण एकदा जोडून चालवून घ्यायचे, एवढी शिस्त हवी. बागेत छाटणी करतानाही वाळलेली फांदी आणि सुप्त डोळा असलेली फांदी यांतला फरक कळायला हवा. कात्री चालवून झाल्यावर त्याचा उपयोग नसतो.

मग सगळेच चालू का ठेवू नये?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच महत्त्वाचे. यूएसबी हा संगणकाचा उघडा दरवाजा आहे. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ हा प्रकार जगासमोर मांडला. दिसायला पेनड्राइव्ह, पण जोडल्यावर तो स्वतःची ओळख कीबोर्ड अशी करून देतो आणि भराभर आज्ञा टाइप करू लागतो. कर्नेल उपकरणाच्या शब्दावर विश्वास ठेवते, त्याचा हा गैरफायदा.

सेतू केंद्राच्या संगणकावर लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुक, सातबारा असे बरेच काही असते. तिथे थंब मशीन, प्रिंटर आणि स्कॅनर चालले पाहिजेत, पण येईल त्याचा पेनड्राइव्ह चाललाच पाहिजे असे नाही. साठवणुकीचा ड्रायव्हर ‘एम’ असेल तर तो काळ्या यादीत टाकून रोखता येतो. ‘वाय’ असेल तर तो कर्नेलच्या पोटातच असल्याने असे रोखणे जमत नाही. शिवाय नव्याने जोडलेले कोणतेही उपकरण परवानगीशिवाय चालू होऊ नये, अशी सोय कर्नेलमध्येच आहे आणि ‘यूएसबीगार्ड’ हे साधन तिचाच वापर करते. म्हणजे कर्नेलची मांडणी ही नुसती ‘चालते की नाही’ची बाब नाही. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, याचे ते धोरण आहे. धोरण लेखी असावे लागते, कोणा एका तंत्रज्ञाच्या डोक्यात नव्हे.

यंत्र शाबूत, ड्रायव्हर रुसला

ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर असला की काय होते, याचे दोन जाहीर दाखले आहेत. दोन्ही सीरियल कन्व्हर्टरचे आहेत. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, जुने बारकोड यंत्र, प्रयोगशाळेतील उपकरण यांची जुनी सीरियल तार यूएसबीला जोडण्यासाठी हीच स्वस्त केबल वापरतात.

२०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या संगणकांत गेला. चिप बनावट आढळली की हा ड्रायव्हर तिच्यातील मॉडेल क्रमांकच शून्य करून टाकत होता. क्रमांक शून्य झाला की संगणक तिला ओळखत नाही. बनावट माल विकणे चूकच, पण केबल घेणाऱ्या ग्राहकाला ती बनावट आहे हे कळायला मार्ग नव्हता. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. दुसरा दाखला प्रॉलिफिक कंपनीच्या ‘पीएल२३०३’ चिपचा. तिच्या जुन्या आवृत्तीची केबल नव्या विंडोजमध्ये लावली, की २०१२ पासूनच ही चिप बंद केली आहे, पुरवठादाराला भेटा, अशा अर्थाचा संदेश झळकतो. तीच केबल लिनक्सच्या संगणकाला लावली तर सहसा निमूटपणे काम करते, कारण तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये आहे आणि तो कोणा एका कंपनीच्या विक्री-नियोजनावर चालत नाही.

खुल्या ड्रायव्हरचा अर्थ इथे कळतो. ड्रायव्हर एकदा मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये स्वीकारला गेला, की कर्नेलमध्ये पुढे बदल करणारेच त्या बदलांबरोबर ड्रायव्हरही दुरुस्त करत जातात. कंपनी बुडाली, मॉडेल बंद झाले, तरी ड्रायव्हर टिकतो. एवढेच नव्हे, जुन्याच चिपवर बनवलेले नवे उपकरण नव्या आकड्यासह आले, तर कर्नेल पुन्हा न बांधता तो आकडा चालत्या ड्रायव्हरला कळवण्याची सोयही लिनक्समध्ये आहे. कंपनीने बाहेरून दिलेल्या बंद ड्रायव्हरला हे भाग्य नाही. कर्नेल बदलले की तो मागे पडतो.

आधारच्या यंत्राला दुसरे कुलूप

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. कर्नेलमध्ये यूएसबी चालू केले म्हणजे आधारचा अंगठा लागेलच असे नाही. आधार प्रमाणीकरणासाठी यूआयडीएआयने ‘नोंदणीकृत उपकरणे’ सक्तीची केली आहेत. ठसा घेतल्याबरोबर तो कूटबद्ध होऊन त्यावर उपकरणाची सही लागली पाहिजे. हे काम उत्पादकाची ‘आरडी सर्व्हिस’ करते. जुन्या ‘एल-झिरो’ यंत्रांत हे कूटबद्धीकरण संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये होई, नव्या ‘एल-वन’ यंत्रांत ते यंत्राच्या आतच होते. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे.

म्हणजे कुलुपे दोन आहेत. पहिले कर्नेलचे, जे लिनक्समध्ये आपण स्वतः उघडू शकतो. दुसरे आरडी सर्व्हिसचे, ज्याची किल्ली उत्पादक आणि यूआयडीएआय यांच्याकडे आहे. उत्पादकाने ती सेवा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच दिली, तर लिनक्सवाल्याचे कर्नेल कितीही नीट मांडलेले असो, अंगठा लागणार नाही. म्हणून मागणी नुसत्या ड्रायव्हरची करून भागत नाही, ती दोन्ही कुलुपांची करावी लागते.

हातातल्या मोबाइलचे काय?

हा लेख ज्या फोनवर वाचला जातो आहे, तो बहुधा अँड्रॉइड असेल. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचेच कर्नेल आहे. ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून पेनड्राइव्ह उघडतो, माउस चालतो, कारण फोन बनवणाऱ्याने ते ड्रायव्हर चालू ठेवलेले असतात. एखाद्या फोनवर तीच वस्तू चालत नाही, तेव्हा अनेकदा कारण तेच तीन अक्षरांचे असते. फरक एवढाच की फोनमध्ये ती अक्षरे बदलण्याची मुभा ग्राहकाला नसते.

अँड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा पुढच्या कर्नेलसह येणाऱ्या नव्या फोनसाठी गूगलने सामाईक कर्नेलची अट घातली. गाभा सर्वांचा सारखा, कंपनीचे खास ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे. त्याशिवाय अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला कर्नेलमधील खास ड्रायव्हरशिवाय यूएसबी उपकरणाशी थेट बोलण्याची सोय ३.१ आवृत्तीपासून आहे. अंगठ्याचे यंत्र फोनला लावल्यावर ‘या अ‍ॅपला परवानगी द्यायची का?’ असा प्रश्न येतो, तो याच सोयीमुळे. म्हणूनच काही केंद्रांत संगणकाने नाकारलेले यंत्र फोनवर चालते. तात्पुरती वाट म्हणून ती ठीक आहे, पण सरकारी कामाची व्यवस्था कोणाच्या खासगी फोनवर उभी राहू नये.

विंडोज १० नंतरचा प्रश्न

हे सगळे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सेवा थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ग्रामपंचायतीत, शाळेत, सेवा केंद्रात असलेले बरेचसे जुने पण चालते संगणक या अटीत बसत नाहीत. मार्ग तीन : नवा संगणक घ्या, सुरक्षा सुधारणांशिवाय धोका पत्करून तसेच चालवा, किंवा लिनक्स घाला.

तिसरा मार्ग स्वस्त आहे आणि देशात वापरून पाहिलेला आहे. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून खुल्या प्रणालीवर शिकवले जाते आणि तिथली ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी आपले स्वतःचे लिनक्स तयार करते. आपल्याकडे मात्र लिनक्सचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो, ‘थंब मशीन चालेल का? सहीचे टोकन चालेल का?’ तलाठ्यांच्या डिजिटल सहीचे टोकनही यूएसबीचेच असते. म्हणजे हजारो रुपयांचा संगणक भंगारात जाणार की आणखी पाच वर्षे चालणार, हे त्याला जोडलेल्या छोट्या यंत्राच्या ड्रायव्हरवर ठरते. शेपटीने कुत्रा हलवावा तशी ही गत.

सरकारने काय करावे?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. निविदा भरणाऱ्याने खुल्या पर्यायाचा विचार करावा आणि तो वगळला तर त्याचे कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही तिची क्षेत्रे. दोन्हींचा धागा एकच आहे, विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्या मर्जीने निकामी होऊ नये. हा धागा खरेदीच्या कागदापर्यंत आणायचा तर चार अटी पुरेशा आहेत.

पहिली, सार्वजनिक पैशाने घ्यायच्या प्रत्येक यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये असावा, किंवा त्याचा मूळ मजकूर खरेदीबरोबर मिळावा. दुसरी, आधारच्या यंत्रांसाठी आरडी सर्व्हिस विंडोज आणि अँड्रॉइडबरोबर लिनक्सवरही उपलब्ध असावी आणि ती किती वर्षे सांभाळली जाईल हे लिहून द्यावे. तिसरी, किऑस्क आणि ई-पॉससारख्या लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांबरोबर त्यांची कर्नेल कॉन्फिगरेशन फाइल जमा करावी. ही मेहेरबानी नव्हे. लिनक्स कर्नेल ज्या जीपीएल परवान्याखाली मिळते, त्यात कर्नेल देणाऱ्याने मूळ मजकूर आणि ते बांधण्याची साधनेही द्यावीत असे बंधन आहे. चौथी, तालुक्याला एक तपासणी टेबल असावे. आयटीआयसारख्या संस्थेत तालुक्यात वापरली जाणारी सगळी उपकरणे एकदा जोडून, चालवून, ‘हे चालते, हे चालत नाही’ अशी यादी लावावी. विद्यार्थ्यांना काम शिकता येईल आणि केंद्रचालकाला आंधळी खरेदी करावी लागणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ‘अशा अटी घातल्या तर पुरवठादारच येणार नाहीत.’ पण सरकार हाच या यंत्रांचा सर्वात मोठा ग्राहक आहे. सर्वात मोठ्या ग्राहकाने अट घातली की बाजार ती पाळतो. आधारसाठी नोंदणीकृत उपकरणांची अट घातली तेव्हा उत्पादकांनी यंत्रे बदललीच की! दुसरा आक्षेप असा की ‘तालुक्यात हे समजणारे आहे कोण?’ ज्या भागात शेतकरी खुंट, डोळा, आंबिया आणि मृग बहार यांचे गणित पिढ्यान्पिढ्या मांडतात, तिथे ‘वाय, एम, एन’ समजणार नाही असे मानणे हा तिथल्या मुलांचा अपमान आहे. कमतरता बुद्धीची नाही, माहिती मराठीत नसण्याची आहे.

केंद्रचालकाने आणि नागरिकाने काय करावे?

लिनक्सच्या संगणकावर ‘मशीन पकडत नाही’ असे दिसले तर तीन पायऱ्या पाहाव्यात. ‘एलएस-यूएसबी’ या आज्ञेच्या यादीत उपकरण दिसते का? दिसत नसेल तर वायर, पोर्ट, वीज किंवा होस्ट कंट्रोलर तपासा. दिसत असेल पण काम होत नसेल, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेल काय म्हणते ते वाचा, ड्रायव्हर जोडला गेला की नाही हे तिथे बहुधा लिहिलेले असते. मग ‘बूट’ फोल्डरमधील कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या ड्रायव्हरपुढे कोणते अक्षर आहे ते पाहा. अक्षराऐवजी ‘इज नॉट सेट’ असे लिहिलेले असेल, म्हणजेच उत्तर ‘एन’ असेल, तर दुकानदाराकडून नवे यंत्र आणण्याआधी कर्नेल बदलून पाहा. पैसे वाचतील.

नागरिकासाठी मुद्दा आणखी सोपा आहे. ‘मशीन पकडत नाही’ हे उत्तर अंतिम मानू नये. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठ्याबरोबर ओटीपी आणि चेहरा ओळखण्याचा पर्यायही दिलेला आहे. तो मागावा. आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा : पंचायतीने घेतलेले यंत्र पाच वर्षांनीही चालेल, असे लिहून कोणी दिले आहे का?

संत्र्याचे कलम घेताना शेतकरी खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारल्याशिवाय रोपाला हात लावत नाही. कारण चूक कळायला चार-पाच वर्षे जातात आणि तोवर जमीन अडकलेली असते. सरकारी खरेदीत यंत्र घेताना हेच दोन प्रश्न विचारले जात नाहीत, म्हणून खिडकीवर माणूस ताटकळतो आणि दोष त्याच्या झिजलेल्या अंगठ्यावर जातो. अंगठा झिजला तो मातीत काम करून. ड्रायव्हर नसण्याचे कारण मात्र खरेदीच्या कागदावर न लिहिलेल्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ लिहिणे आपल्या हातात आहे.